स्क्रीनवरचा केस

त्यांना नावाने हाक मारणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने बोलवत, अगदी मॅनेजरलासुद्धा. पण माझ्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठ्या, नागपूरच्या माणसाला मी कशी नावाने हाक मारणार? पुण्याहून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. 'काका' म्हणायचं धाडस एकदा केलं, तर म्हणाले, "काका घरी. इथे आपण दोघंही नोकर." मग उरलं फक्त 'अहो'. घरी नवऱ्याला मी अरे-तुरे करायची, त्यामुळे माझ्या आयुष्यात 'अहो' असे ते एकटेच. नवरा संध्याकाळी विचारायचा, "आज तुझे अहो काय म्हणाले?" रिसेप्शनवरच्या शर्लीला तर ते त्यांचं आडनावच वाटलं. "मिस्टर आहो, लाइन टू," असं ती बिनदिक्कत सांगायची, आणि ते शांतपणे फोन उचलायचे.

आमची कंपनी छोटी, अठरा माणसांची. हॉस्पिटलांच्या स्टोअर्ससाठी सॉफ्टवेअर लिहायची. कुठल्या वॉर्डला किती हातमोजे गेले, किती बँडेज मागवायची, असला सगळा कारभार. काळ्या स्क्रीनवरची हिरवी अक्षरं जाऊन त्या जागी खिडक्या, बटणं, आकडे लिहायचे चौकोन आणि क्लिक केल्यावर खाली उघडणाऱ्या याद्या येण्याचे ते दिवस. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. आत हिशेब बरोबर चालायचा, पण बाहेर दिसताना काहीतरी बिनसायचं. बटणावरचं शेवटचं अक्षर अर्धं कापलेलं असायचं. यादी वरखाली सरकवली की जुन्या ओळीची सावली नव्या ओळीत राहायची. बंद केलेल्या खिडकीचा एक कोपरा मागे चिकटून बसायचा. बाकीचे प्रोग्रॅमर अशा कामाला नाक मुरडायचे. त्यांना ते काम म्हणजे रंगाऱ्याचं. अहोंना दुसरं काही नकोच असायचं.

त्यांच्या टेबलावर एक भिंग, स्टीलची फूटपट्टी, रंगीत पेन्सिलींचा डबा आणि चौकटीच्या कागदाची वही असे. दोष दिसला की आधी त्याचं चित्र काढायचे. एक चौकट म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका. अर्धं कापलेलं 'R' रंगवायला तासभर लावायचे आणि तोवर कीबोर्डला बोट लावायचे नाहीत, दुसऱ्यालाही लावू द्यायचे नाहीत. मी काही दाखवायला गेले आणि सवयीने माउस धरला, की लगेच म्हणायचे, "हात मागे." शाळेतल्या मुलीसारखी मी हात पाठीमागे बांधून उभी राहायची.

"पण हलवून पाहिल्याशिवाय कळणार कसं?" मी एकदा चिडून विचारलं.

"हलवलं की बदलते ना बाई ते. आधी जे आहे ते पाहून घे. आपण पाहायच्या आधीच दुरुस्त करायला धावून राहिलो."

तीस वर्षं इंग्लंडमध्ये राहूनही त्यांचं 'करून राहिलो, पाहून राहिलो' सुटलं नव्हतं. साठच्या दशकात ते टीव्ही दुरुस्त करायला या देशात आले होते. भाड्याने टीव्ही देणाऱ्या एका दुकानासाठी घरोघर फिरायचे. एखादी म्हातारी सांगायची, बातम्या देणाऱ्या माणसाची मान लांब झालीय. त्यांच्याआधी येऊन गेलेले दोघं तिला हसलेले असायचे. हे तिच्या खुर्चीत, ती बसायची त्याच जागी बसायचे आणि बातम्या लागेपर्यंत थांबायचे. मान खरोखरच लांब असायची. "मी हसलो नाही, एवढ्यावर माझी नोकरी टिकली," असं ते सांगायचे.

त्यांचा खरा झगडा आमच्या तक्रारीच्या फॉर्मशी होता. ग्राहकाचा फोन आला की फॉर्म भरायचा. शेवटी कारणाचे तीन चौकोन असायचे: मशीनचा दोष, सॉफ्टवेअरचा दोष, वापरणाऱ्याची चूक. अहोंनी आपल्या पॅडवरचा तिसरा चौकोन कात्रीने कापून टाकला होता. प्रत्येक पानावरचा. त्यामुळे त्यांचे फॉर्म फाइलमध्ये उंदराने कुरतडल्यासारखे दिसायचे. आमचा मॅनेजर डेरेक एकदा ते पॅड नाचवत आला.

"माणसं चुका करतच नाहीत असं तुझं म्हणणं आहे का?"

"करतात ना. पण तो चौकोन शेवटी भरायचा असतो. इथे सगळे तो आधी भरतात."

डेरेकने नवं पॅड दिलं. दुसऱ्या दिवशी तेही कापलेलं.

केंब्रिजच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून तक्रार आली की दुपारी 'सेव्ह'चं बटण गायब होतं आणि संध्याकाळी आपोआप परत येतं. आमच्याकडे हशा पिकला. अहो दोन दुपारी तिथे जाऊन बसले. हिवाळ्यातला खाली उतरलेला सूर्य बरोबर तीन वाजता समोरच्या इमारतीच्या काचांवरून स्क्रीनवर पडायचा, आणि राखाडी पार्श्वभूमीवरचं आमचं राखाडी बटण त्या उजेडात विरघळून जायचं. डेरेक खूश झाला. म्हणाला, पडदा लावा म्हणून कळवून टाक. अहो ऐकेनात. "ऊन त्यांचं आहे. हिवाळ्यात मिळते तरी किती. बटण आपलं आहे." शेवटी बटणाला काळी कड आली. ती पुढे सगळ्याच ग्राहकांना आवडली, आणि ती आपली कल्पना होती असं सांगणारे ऑफिसात निदान तिघं तरी निघाले.

आता मॉरीनबद्दल सांगते. ते सांगायचं तर माझी स्वतःचीच चूक आधी सांगावी लागते.

मॉरीन मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या स्टोअर्समध्ये कारकून होती. पन्नाशी उलटलेली, एकाच तळघरात बावीस वर्षं काढलेली. तिचा पहिला फोन मीच घेतला. तेव्हा मला नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन संपायला दोनच महिने उरले होते. दिवसाकाठी पुष्कळ फोन संपवले की डेरेक खूश असायचा.

"लव्ह, मी आकडा टाकते ना, त्याच्या पुढे एक केस दिसतो," ती म्हणाली. तिकडच्या बायका कुणालाही 'लव्ह' म्हणतात.

"स्क्रीन पुसून बघता का?"

"पुसली. आतून आहे."

मी तिला खिडकी खाली करून परत वर आणायला सांगितली. तिने तसं केलं. "गेला!" ती म्हणाली. मी हसून फोन ठेवला, शेजारच्याला केसाची गोष्ट सांगितली, तोही हसला. फॉर्मवर मी तिसऱ्या चौकोनात टिक केली. माझ्या पॅडवर तो शाबूत होता.

महिनाभराने हॉस्पिटलचं पत्र आलं. उलटीसाठी रुग्णाला देतात ती पुठ्ठ्याची भांडी असतात. त्यांचे एकशेवीस खोके हवे असताना मॉरीनने बाराशे मागवले होते. तळघर भरलं, जिना भरला, एक्स-रेच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्येही खोके रचावे लागले. अशी तिची ही तिसरी चूक. तिच्यावर आता चौकशी बसणार होती आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही असं आमच्याकडून लेखी हवं होतं. आमचे दोन इंजिनिअर आधी जाऊन आले होते, त्यांना काहीही सापडलं नव्हतं. डेरेकने मला पत्र लिहायला सांगितलं, कारण पुरावा म्हणून माझाच फॉर्म जोडायचा होता.

पत्राचं इंग्रजी तपासून घ्यायला मी अहोंकडे गेले. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि फॉर्म वाचला.

"केस म्हणाली ती?"

"हो. म्हणजे धूळबीळ असेल."

"तिने पुसलं म्हणाली?"

"हो."

"मग?"

त्यांची नजर खाली, तिसऱ्या चौकोनातल्या खुणेवर गेली. मी ओरडा खायच्या तयारीत उभी राहिले. पण त्यांनी फक्त भिंग पुसून खिशात टाकलं आणि विचारलं, "युस्टनहून मँचेस्टरची सकाळची गाडी कितीला असते?"

ट्रेनमध्ये त्यांनी डबा उघडला. पोळीत गुंडाळलेला झुणका आणि वर लसणाचा ठेचा. समोरच्या सुटातल्या गोऱ्या माणसाने पेपर जरा वर धरला. अहोंनी त्यालाही विचारलं, घेणार का? तो गोंधळून 'नो थँक्स' म्हणाला आणि क्रू स्टेशन येईपर्यंत ठेच्याकडे चोरून बघत राहिला. मग खिडकीबाहेर बघत अहो मला म्हणाले, "शाळेत आमची जागा मागे. पार दरवाज्याजवळ. एकदा मी सांगितलं, फळ्यावरचं दिसत नाही. मास्तर म्हणाले, तुला दिसून करायचं काय आहे? अन् वर म्हणाले, खोटं बोलून राहिला. चौदाव्या वर्षी वस्तीतल्या एका भल्या माणसाने चष्मा करून दिला, तेव्हा कळलं, झाडाला एकेक पान वेगळं असते." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा कधी त्या मास्तरांचा विषय काढला नाही. वर्षात ते एकच रजा घ्यायचे, चौदा एप्रिलची. पांढरा शर्ट घालून सकाळीच विहारात जायचे.

मॉरीन आम्हाला घ्यायला लिफ्टपाशी आली होती. फिकट निळं कार्डिगन, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा. हात गार पडलेला. खोक्यांच्या भिंतींमधल्या बोळातून ती आम्हाला तिच्या टेबलापर्यंत घेऊन गेली आणि खुर्ची मोकळी ठेवून बाजूला उभी राहिली, अहोंनी बसावं म्हणून. आधीचे दोघं तसेच बसले होते.

"नाही, तुम्ही बसा. रोजचं काम करा," अहो म्हणाले. "आम्ही नाही आहोत असं समजा." त्यांनी एक स्टूल ओढून तिच्या डाव्या हाताला, किंचित मागे ठेवलं.

सकाळचे अडीच तास गेले. मॉरीन अवघडून काम करत होती. प्रत्येक आकडा टाकताना ओठ हलत होते, करंगळी हवेत उचललेली. अहोंची नजर फक्त तिच्या बोटांवर आणि स्क्रीनवर. सगळे आकडे दोन अंकी. बारा, चाळीस, छत्तीस. सगळं ठीक दिसत होतं. मला राहवेना. मी सहज माउसकडे हात नेला.

"हात मागे," अहो मराठीत म्हणाले.

चहा झाला. चहानंतर मॉरीन थोडी मोकळी झाली, तिच्या मांजराविषयी बोलायला लागली. बोलता बोलता तिने हातमोज्यांची ऑर्डर घेतली आणि आकडा टाकला. स्क्रीनवर दिसले पंधरा. तिचं बोलणं थांबलं. बोट पुन्हा शून्याकडे निघालं.

"थांबा!"

ती दचकली. अहोंनी भिंग काढलं आणि स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले.

"हा तुमचा केस," मग ते म्हणाले. "केस नाही हा. शून्याची डावी कड आहे." वळून तिला विचारलं, "तुम्ही काय टाइप केलं?"

मॉरीनने आपल्या बोटांकडे पाहिलं. "एकशेपन्नास. म्हणजे... मला वाटतं. आता काय खात्रीने सांगू? हल्ली माझं मलाच कळत नाही."

"तुम्हाला वाटतं नाही. तुम्ही एकशेपन्नासच टाइप केलं. मी पाहिलं."

मॉरीनने चष्मा काढला, कार्डिगनच्या टोकाने पुसला, परत घातला आणि परत काढला. आम्ही दोघं खोक्यांकडे बघत बसलो.

कारण नंतर पाच मिनिटांत उलगडलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर हॉस्पिटलच्याच एका नर्सने तिला स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दिली होती. आकड्यांचा तो चौकोन मात्र आमच्या एका प्रोग्रॅमरने लहान अक्षरांच्या मापाने बनवलेला. नवा आकडा टाकला की नेमकी किती पट्टी नव्याने रंगवायची, ते माप कमी पडायचं. दोन अंकांपर्यंत कळायचंही नाही. तिसऱ्या अंकाची फक्त कड दिसायची. शून्य उमटलंच नाही असं वाटून मॉरीन आणखी एक शून्य टाकायची, मग पहिलं शून्य पूर्ण दिसायचं आणि सगळं बरोबर वाटायचं. आत मात्र दहापट आकडा गेलेला असायचा. त्या चौकोनावर दुसरी कुठलीही खिडकी उघडून बंद केली, की सगळं नव्याने रंगून निघायचं आणि दोष गायब. आमचे इंजिनिअर आल्या आल्या आपली तपासणीची खिडकी उघडायचे. मीही फोनवर तिला तेच करायला लावलं होतं.

अहो वहीत चित्र रंगवत बसले. मी मॉरीनला म्हटलं, "पहिल्यांदा फोनवर मीच होते. स्क्रीन पुसा म्हणाले ती."

"माहीत आहे, लव्ह. मघाशी लिफ्टपाशीच आवाज ओळखला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आलीस ना इतक्या लांबून," ती म्हणाली आणि बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मला वाटलं होतं, दोष सापडला म्हणजे झालं. पण डेरेकला पुढच्या व्हर्जनमध्ये गुपचूप दुरुस्ती करायची होती आणि हॉस्पिटलला कळवायचं होतं की 'भेटीच्या वेळी दोष आढळला नाही'. बाकीच्या हॉस्पिटलांना कळलं तर कंपनीचं काय होईल, हा त्याचा प्रश्न होता. तोही अगदीच खोटा नव्हता. अठरा घरं त्यावर चालत होती. अहो फक्त म्हणाले, "दोष आढळला. मला आढळला." त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं, सोबत रंगीत चित्र जोडलं. ऑफिसचा नियम असा की ग्राहकाला जाणाऱ्या तपासणीच्या पत्रावर भेटीला गेलेल्या सगळ्यांची सही हवी. म्हणजे माझीही.

डेरेकने मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "तुझं प्रोबेशन तीन आठवड्यांत संपतंय. तुझ्याविषयी माझं मत चांगलं आहे. ते तसंच राहू दे."

बाहेर आले तर अहो जागेवर नव्हते. पत्र त्यांच्या टेबलावर उघडं पडलं होतं, त्यांच्या सहीखालची जागा मोकळी. सही कर असं ते मला एका शब्दाने म्हणाले नव्हते, त्या दिवशीही नाही आणि आदल्या दिवशीही नाही. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "माझा पगार आहे. तुला काय वाटतं ते कर." मी सही केली. मग कपाटातून माझा जुना फॉर्म काढला, ती टिक खोडली, सॉफ्टवेअरच्या दोषापुढे नवी टिक केली, शेजारी आद्याक्षरं लिहिली आणि तो पत्राला जोडला. अहो जेवून आले, त्यांनी पत्र पाहिलं, पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं. "आज पोस्टात मीच जातो," म्हणाले. एवढंच. पण त्या दिवसानंतर त्यांच्या डब्यातला ठेचा न विचारता माझ्याही पोळीवर यायला लागला.

डेरेक आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. पत्र गेल्यावर त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, म्हणून त्याने सगळ्या हॉस्पिटलांना फोन करवले. आणखी दोन ठिकाणी मोठी अक्षरं निघाली. तिथल्या बायकांनाही आपणच वेंधळ्या आहोत असं वाटत होतं. एका हॉस्पिटलने तर आपण होऊन सांगितल्याबद्दल आभाराचं पत्र पाठवलं. डेरेकने ते फ्रेम करून रिसेप्शनमध्ये लावलं. माझं प्रोबेशन संपल्याचा कागद शर्लीने माझ्या टेबलावर आणून ठेवला. डेरेकची सही त्यावर जरा जास्तच जोरात उमटलेली होती. मँचेस्टरची चौकशी रद्द झाली. पुठ्ठ्याच्या भांड्यांतली बरीचशी आसपासच्या नर्सरी शाळांना दिली. मुलं त्यांत रंग कालवतात असं मॉरीनने ख्रिसमसच्या कार्डात कळवलं.

दोन वर्षांनी अहो निवृत्त झाले. दुपारी ऑफिसजवळच्या पबमध्ये छोटंसं जेवण होतं. मी मॉरीनला सहज कळवलं होतं, ती येईल असं वाटलं नव्हतं. पण ती पहाटेच्या बसने निघाली आणि मरून रंगाचा कोट घालून बरोबर साडेबाराला दारात उभी राहिली. सरळ अहोंपुढे गेली, हसली. अहोही अदबीने हसले, मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ह्या बाई कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खा दिवस हा माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता! मॉरीनला मराठी येत नव्हती, पण ती समजली. तिने हातमोजा काढला, उजवा हात टेबलावर ठेवला आणि टेबलक्लॉथवर बोटं चालवायला लागली, भराभर, आकड्यांच्या कळांवर चालवावीत तशी. करंगळी सारखी हवेत उचललेली.

अहोंनी त्या बोटांकडे पाहिलं. "मॉरीन!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की बारवरचे दोघं वळून बघायला लागले.

मग त्यांनी मान वर केली, चष्मा सारखा केला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, सावकाश, काही सुटायला नको अशा तऱ्हेने.

"डोळे निळे आहेत तुमचे," ते म्हणाले.

"जन्मापासून, लव्ह," मॉरीन म्हणाली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.